ॲसिडने साल उठवलेलं बफेलो निकेल: किंमत का पडते त्यामागची गोष्ट

बफेलो निकेल म्हणजे अमेरिकेचं जुनं पाच सेंटचं नाणं, पुढे नेटिव्ह अमेरिकन माणूस आणि मागे बफेलो, म्हणजे रानबैल. त्याचं साल, म्हणजे वर्षाचा आकडा, पुसलं जातं ते नाण्याच्या घडणीमुळेच. ४ मार्च १९१३ ला हे नाणं अमेरिकेत चलनात आलं, आणि साल टाकलं होतं नेटिव्ह अमेरिकन माणसाच्या खांद्यावर, म्हणजे खिशात, गल्ल्यात, मशीनमध्ये जिथे सगळ्यात आधी घासलं जाणार नेमकं तिथेच. चेहरा शाबूत, बैल शाबूत, मागची टांकसाळीची खूणसुद्धा बऱ्याचदा वाचता येते, फक्त साल गायब, अशी नाणी आजही ढिगाने मिळतात.

आता यात मला जो निर्णय सगळ्यात जास्त खटकतो त्याबद्दल जरा सविस्तर. नाणं यायच्या आधी मोठा वाद झाला तो व्हेंडिंग मशीनवरून, एका मशीनवाल्या कंपनीचं म्हणणं होतं की आमच्या नकली नाणं पकडणाऱ्या यंत्रात हे नाणं नीट चालणार नाही, त्यात बराच वेळ गेला आणि शेवटी सरकारने मूळ डिझाइनलाच हो म्हटलं. नाणं बाहेर पडल्यावर लगेच लक्षात आलं की मागच्या बाजूला बैल ज्या उंचवट्यावर उभा आहे त्यावरची ‘फाइव्ह सेंट्स’ ही अक्षरं लवकर झिजणार. मग त्याच वर्षी, काही महिन्यांच्या आत, उंचवटा कापून सपाट केला आणि अक्षरं खाली खोलगट जागेत घेतली. यालाच आपण टाइप २ म्हणतो. म्हणजे दुखणं काय आहे ते कळलं होतं, उपाय काय तेही माहीत होतं, आणि तो उपाय फक्त मागच्या बाजूला केला! पुढच्या बाजूचं साल तसंच खांद्यावर राहिलं. १९१६ मध्ये पुढच्या बाजूवर पुन्हा हात फिरवला, ‘लिबर्टी’ हा शब्द ठळक केला, तरी सालाची जागा बदलली नाही.

काही जण कायद्याकडे बोट दाखवतात, की १८९० च्या कायद्याने २५ वर्षं डिझाइन बदलता येत नव्हतं. ते खरंय, म्हणूनच हे नाणं १९३८ पर्यंत चाललं आणि मग जेफरसन निकेल आलं. पण छोटी दुरुस्ती आणि नवीन डिझाइन यात फरक आहे, आणि स्टँडिंग लिबर्टी क्वार्टरचं, म्हणजे २५ सेंटच्या नाण्याचं, उदाहरण समोर आहे, त्याचंही साल असंच झिजायचं तर १९२५ पासून ते खोलगट जागेत घेतलं आणि त्यानंतरची क्वार्टर साल शाबूत ठेवून मिळतात. निकेलच्या बाबतीत हे १९१३ मध्येच करता आलं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲसिडची गोष्ट सुरू होते ती नंतर. १९३० च्या दशकात प्रत्येक साल आणि टांकसाळीसाठी एकेक भोक असलेले पुठ्ठ्याचे बोर्ड अमेरिकेत स्वस्तात मिळायला लागले, पोरंसोरं बापाच्या खिशातल्या चिल्लरीतून भोकं भरायला लागली, आणि बिनसालाच्या निकेलला बोर्डात जागाच नव्हती. अशा नाण्यांसाठी पुढे छोट्या बाटलीत फेरिक क्लोराइड विकायला आलं, तेच जे आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांनी सर्किट बोर्डवरचं तांबं खायला वापरलेलं असतं. बफेलो निकेलमध्ये ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल. साचा दाबला जातो तेव्हा अंकांच्या खालचा धातू आजूबाजूपेक्षा वेगळा दाबला जातो आणि वरचा उठाव झिजून गेला तरी तो फरक आत राहतो, ॲसिड या दोन जागा वेगवेगळ्या वेगाने खातं, म्हणून अंक परत दिसतात. बंदुकीवरचा घासून टाकलेला नंबर पोलिसांची लॅब याच तत्त्वावर वाचते.

खांद्यावर एक थेंब टाकायचा, थोडं थांबायचं, अंक दिसले की पाण्याने धुवायचं. पण त्या जागी खडबडीत, वेगळ्या रंगाचा डाग राहतो, आणि हाताळताना अंक परत पुसट झाले की पुन्हा थेंब, पुन्हा धातू कमी. डाग दिसू नये म्हणून काही जण अख्खं नाणंच व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतात, मग सगळं नाणं एकसारखं खरखरीत होतं, पण खाल्लेलं ते खाल्लेलंच.

किमतीचं भांडण इथेच आहे. ग्रेडिंगवाले, म्हणजे नाण्याची अवस्था तपासून दर्जा ठरवणारे, अशा नाण्याला खराब झालेलं धरतात, साधा ग्रेड देत नाहीत. माझ्या मते ते बरोबर आहे. साल कळलं ही माहिती मिळाली, नाणं सुधारलं नाही. कॉमन सालाचं निघालं तर बिनसालाच्या नाण्याइतकेच पैसे, कधीकधी तेवढेही नाहीत. दुर्मीळ निघालं, समजा १९२६ चं सॅन फ्रान्सिस्कोचं, ज्याची फक्त ९,७०,००० नाणी पडली, तर घेणारा मिळतो पण साल आपोआप वाचता येणाऱ्या झिजक्या नाण्याच्या किमतीचा छोटा हिस्साच देतो. ज्याला मूळ नाणं परवडत नाही आणि बोर्डातलं भोक भरायचंय त्याच्यासाठी हा सौदा वाईट नाही, फक्त विकणाऱ्याने ॲसिड लावलंय हे सांगायलाच हवं, न सांगता विकणं म्हणजे सरळ फसवणूक.

आणि थेंब टाकायच्या आधी नाणं उलटं करून बघा. बैल उंचवट्यावर उभा असेल तर ते टाइप १, म्हणजे १९१३ चंच, कारण तो उंचवटा दुसऱ्या कुठल्याच सालात नाही. त्याच्या खाली ‘एस’ असेल तर टांकसाळही कळली, सॅन फ्रान्सिस्कोची. तिथे ॲसिडची गरजच नाही, तरी लोक टाकतात आणि चांगलं नाणं वाया घालवतात, हे बघून खरंच जीव तुटतो. टाइप २ ला ही सोय नाही, ‘डी’ खुणेचं बिनसालाचं नाणं डेन्व्हरचं, एवढंच कळतं, साल कुठलंही असू शकतं. त्यात १९१८ चं ते प्रसिद्ध नाणंही येतं ज्यात ८ च्या खाली ७ दिसतो, कारण एकाच साच्यावर १९१७ आणि १९१८ असे दोन्ही ठसे बसले होते. ॲसिडने असं एखादं नाणं निघतंही, पण कोरल्यामुळे अंकांच्या कडा इतक्या खडबडीत झालेल्या असतात की तो ७ खरा की ॲसिडची रेघ यावर वाद होतो, आणि असा वाद असलेलं नाणं पूर्ण भावाने कोण घेणार.