दहा भाषा, पक्की नोकरी? एक खुलासा

'बायोडेटात जितक्या प्रोग्रामिंग भाषा, तितकी नोकरी पक्की.' सोलापुरात सात रस्त्यावरच्या चहाच्या गाडीवरही हे ऐकू येतं. खरं नाही. व्हेरिएबल, लूप, फंक्शन या कल्पना सी, जावा, पायथन सगळीकडे त्याच. आपल्या चादरीच्या मागावरचं नक्षी पाडणारं यंत्र, जकार्ड, बघा: पुठ्ठ्यात भोक असेल तर सूत वर, नसेल तर खाली. हे ज्याला उमगलं, त्याला नक्षी बदलली म्हणून घाम फुटत नाही.

मुलाखतीत गाडी अडते ती वेगळीकडेच. समजा, तुम्ही लायब्ररीचा प्रोजेक्ट दाखवलात. प्रश्न येतो: प्रत एकच शिल्लक आणि दोघांनी एकाच क्षणी 'इश्यू' दाबलं तर? प्रोजेक्ट विकत आणलेला असला (आणतात, सगळ्यांना माहीत आहे) की इथं त-त-प-प होतं. स्वतः खपलेलं पोरगं सांगतं, प्रत आहे का हे बघणं आणि ती नावावर टाकणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही) केलं, तोवर डेटाबेसमधल्या त्या नोंदीला लॉक. दुसऱ्याला 'प्रत शिल्लक नाही' असा मेसेज.

शिवाय गिट आहेच, कोडमधला प्रत्येक बदल तारखेसकट नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. २००५ पासून फुकट मिळतं. चार महिन्यांचं म्हणवलेलं काम सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या एकाच नोंदीत, पडलेलं असेल, तर समोरच्याला ते पहिल्या मिनिटात दिसतं.