सायकलची फ्रेम : दांडीची आणि खुली

सायकलच्या सांगाड्याचे, म्हणजे फ्रेमचे, दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत वरच्या बाजूला दांडी असते आणि बसताना पाय तिच्यावरून पलीकडे टाकावा लागतो. याला स्टेप-ओव्हर म्हणतात. दुसऱ्यात ही दांडी नसते किंवा बरीच खाली उतरवलेली असते, त्यामुळे फ्रेमच्या मधूनच पाय पलीकडे नेता येतो. हा स्टेप-थ्रू प्रकार. ‘जेंट्स’ आणि ‘लेडीज’ सायकल ही त्यांची रोजच्या बोलण्यातली नावे. त्यामागची विभागणी एकोणिसाव्या शतकातल्या पोशाखामुळे झाली आणि पोशाख बदलल्यावरही दुकानांत टिकून राहिली. खरे तर चालवणाऱ्याचे शरीर, मागे लादायचे सामान आणि दिवसातून किती वेळा चढायचे-उतरायचे, या तीन गोष्टींवर फ्रेम ठरवली पाहिजे.

रचना : दांडीच्या फ्रेममध्ये दोन त्रिकोण असतात. पुढचा त्रिकोण वरची दांडी, खालची तिरकी नळी आणि सीटची नळी यांचा. मागचा सीटच्या नळीचा आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या बारीक नळ्यांचा. दोन्ही मिळून होणाऱ्या आकृतीमुळे या फ्रेमला ‘डायमंड’ हे नाव पडले. त्रिकोणाची एखादी बाजू लांब किंवा आखूड झाल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. म्हणून अशा फ्रेमवर येणारा भार बहुतांशी नळ्यांच्या लांबीच्या दिशेने, ताण आणि दाब या रूपात जातो. नळी त्या दिशेने भक्कम असते आणि वाकवायला गेले तर त्या मानाने लवकर नमते. हलक्या, पातळ नळ्यांतून मजबूत सायकल बनते ती या कारणाने.

वरची दांडी काढली की पुढचा त्रिकोण उघडा पडतो आणि सगळी जबाबदारी खालच्या नळीवर येते. चढावर उभे राहून जोर लावणारा माणूस उजवे पायडल दाबताना हँडलची उजवी बाजू ओढून धरतो, पुढच्या क्षणी डावी. ही ओढाताण खालच्या नळीला ओले फडके पिळावे तशी पिळते. कॅरियरवर जड ओझे असेल तर मागचा भाग एका बाजूला आणि हँडल दुसऱ्या बाजूला झुकू पाहते. उतारावर वेगात असताना एक हात सोडला तर पुढचे चाक थरथरू लागते. जुन्या, बारीक नळीच्या खुल्या सायकली चालवलेल्यांना ही थरथर चांगली ठाऊक असते. सर्वांत जास्त ताण खालची नळी आणि सीटची नळी जिथे मिळतात तिथे येतो. जुनी खुली सायकल घेताना तिथला जोड पुसून, उजेडात धरून पाहावा. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर ती सायकल घेऊ नये.

यावर उपाय आहे. पातळ पत्र्याच्या नळीचा व्यास दुप्पट केला आणि पत्र्याची जाडी तेवढीच ठेवली, तर वजन दुप्पट होते पण पिळाला होणारा विरोध सुमारे आठपट होतो. जाड ॲल्युमिनियमच्या नळीची आजची खुली फ्रेम म्हणूनच जुन्या पोलादी खुल्या फ्रेमपेक्षा पुष्कळ ताठ असते. दुसरा उपाय दोन समांतर नळ्या घालण्याचा. फ्रान्समध्ये रूढ झालेल्या ‘मिक्स्ट’ प्रकारात दोन बारीक नळ्या हँडलच्या नळीपासून निघून सीटच्या नळीच्या दोन्ही अंगांनी थेट मागच्या ॲक्सलपर्यंत जातात. पूर्ण खुल्या फ्रेमइतका पाय सहज जात नाही, पण सायकल हलकी आणि चपळ राहते. दोन्ही प्रकारांमधली ही तडजोड फार सुंदर आहे, आणि हल्ली ती कमी दिसते याची हळहळ वाटते.

इतिहास : खुल्या फ्रेमची कल्पना पायडलपेक्षाही जुनी आहे. कार्ल द्राइस याने 1817 साली पायांनी जमिनीला रेटत चालवायची दोन चाकी गाडी बनवली. लंडनचा बग्गी बनवणारा डेनिस जॉन्सन याने 1819 मध्ये तिच्यासारखीच, पण मधला भाग खाली उतरवलेली गाडी स्त्रियांसाठी तयार केली. पुढे उंच चाकाच्या सायकली आल्या, तेव्हा घोळदार झग्यातल्या स्त्रियांना तीनचाकीवरच समाधान मानावे लागले. जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ 1885 मध्ये आली. सारखी चाके आणि मागच्या चाकाला चेन हा आजचा साचा तिच्यापासून रुळला, आणि 1890 च्या सुमारास डायमंड फ्रेम पक्की झाली. त्याच वर्षांत झग्यासाठी उतरत्या नळीची सायकलही बाजारात आली. झगा अडकू नये म्हणून मागच्या चाकावर जाळी आणि चेनवर पूर्ण कव्हर असे.

या सामानाने वजन वाढे. ॲनी लंडनडेरी ही 1894 मध्ये बॉस्टनहून जगप्रवासाला निघाली ती सुमारे 19 किलोच्या स्त्रियांच्या सायकलवर. शिकागोला पोचल्यावर तिने ती सोडून जवळपास निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली आणि झग्याऐवजी सैल विजार घातली. पोशाख बदलताच दांडीची अडचण संपली, हे तेव्हाच दिसून आले होते. तरी बाजाराने पुढची कित्येक दशके मुलींना खुली आणि मुलांना दांडीची सायकल देणे चालूच ठेवले.

विसाव्या शतकात नेदरलँड्समध्ये उंच हँडलची, काळी, खुली सायकल रोजच्या वापराची झाली. तिथे आज पुरुषही ती बिनदिक्कत चालवतात. ॲलेक्स मोल्टन याने 1962 मध्ये छोट्या चाकांची, स्प्रिंगच्या आधाराची खुली सायकल आणली, ती मुळातच स्त्री-पुरुष दोघांसाठी होती. पॅरिस (2007), लंडन (2010) आणि न्यूयॉर्क (2013) इथल्या भाड्याच्या सार्वजनिक सायकली खुल्या फ्रेमच्या आहेत. उंची आणि पेहराव वेगवेगळा असलेल्या हजारो लोकांना एकच माप पुरवायचे तर दुसरा पर्याय नव्हता.

निवड : चढण्या-उतरण्याचा क्षण हा खरा निकष आहे. दांडीच्या सायकलवर टांग मारताना शरीराचा सगळा भार एका पायावर असतो, सायकल तिरकी असते आणि दुसरा पाय सीटच्या मागून वर्तुळ काढत जातो. तरुण, सवयीच्या माणसाला हे जाणवतही नाही. पण गुडघा किंवा खुबा आखडलेला असेल, तोल पूर्वीसारखा राहिला नसेल, तर पडण्याची भीती चालवताना कमी आणि इथे जास्त असते. कॅरियरवर लहान मुलाची खुर्ची किंवा उंच पेटी असेल तर मागून टांग टाकायला जागाच उरत नाही. मूल खुर्चीत बसवून सायकल सावरत पाय मधून घालणे आणि दांडीवरून गुडघा पोटाशी घेत पाय ओढून नेणे, यांतला फरक एकदा करून पाहिला की कळतो. दर शंभर पावलांवर थांबावे लागणाऱ्यालाही खुली फ्रेम सोयीची. सीटवरून पुढे सरकून दोन्ही पाय जमिनीवर टेकता येतात, आणि अचानक थांबावे लागले तरी दांडीचा मार बसत नाही.

इलेक्ट्रिक सायकलमुळे हे पारडे आणखी खुल्या फ्रेमकडे झुकले. तिचे वजन बऱ्याचदा 20 ते 25 किलो भरते आणि एवढी सायकल तिरकी करून टांग मारणे जड जाते. बॅटरी सामावण्यासाठी खालची नळी तशीही जाड करावी लागते, त्यामुळे पिळण्याचा जुना दोष बराचसा आपोआप जातो. खडबडीत डोंगरवाटा, जोराचे चढ, आठवडाभराचे सामान लादून केलेले लांबचे प्रवास आणि स्पर्धा यांसाठी मात्र दांडीचीच फ्रेम घ्यावी. रस्त्यावरच्या स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांतही मुख्य त्रिकोणावर आधारलेली फ्रेमच मान्य आहे.

खुली सायकल आरामदायी असते, हा समज अर्धाच खरा आहे. पाठ ताठ राहते ती उंच हँडलमुळे आणि बूड सुखावते ते रुंद सीटमुळे. या दोन्ही गोष्टी दांडीच्या सायकललाही लावता येतात. उलट खुल्या फ्रेमला माप लागत नाही असे समजून भलतीच मोठी सायकल घेतली, तर हँडल लांब पडते आणि खांदे दुखतात. दांडीच्या सायकलचे माप पाहताना नेहमीचे बूट घालून तिच्यावर दोन्ही पाय टेकून उभे राहावे. साध्या रस्त्याच्या सायकलला दांडी आणि जांघ यांत दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळे हवे, डोंगरी सायकलला त्याहून बरेच जास्त. मागे उतरत जाणारी दांडी हल्ली सर्रास असते, आणि कमी उंचीच्या माणसाची अडचण पुष्कळदा तेवढ्यानेच सुटते.

रोजच्या हाताळणीतले काही फरक घेण्याआधी लक्षात घ्यावेत. जिना चढताना दांडीची सायकल खांद्यावर अडकवता येते. खुलीला तशी जागा नसते आणि ती अंगाला आदळत राहते. पाण्याच्या बाटल्या, हवेचा पंप, फ्रेममध्ये बसणारी पिशवी यांना मोठ्या त्रिकोणात भरपूर जागा असते. मोटारीमागच्या टांगत्या रॅकवर खुली सायकल नेण्यासाठी सीट आणि हँडल यांच्यामध्ये अडकवायची सुटी दांडी मिळते, ती सायकलबरोबरच घेऊन ठेवावी.