लासआर प्रथिन : व्हायल उघडण्याआधी वाचा

‘सिग्नल न लावलेले, रिकामे प्रोटीन मिळेल का?’ अशी विचारणा पुण्याच्या पाषाण-औंध भागातल्या लॅबमधून आम्हा प्रोटीन पुरवणाऱ्यांना वरचेवर होते. लासआर या जिवाणूच्या संकेत ओळखणाऱ्या प्रथिनाच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असेच आहे.

स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू ३-ऑक्सो-सी१२-एचएसएल हा संकेतरेणू बाहेर सोडत राहतो. जिवाणूंची गर्दी वाढली की रेणू साठतो, लासआर त्याला धरते आणि डीएनएवर बसून इलास्टेजसारख्या एन्झाइमची जनुके चालू करते. सोसायटीच्या सभेसारखी गणपूर्तीची अट आहे म्हणा. मात्र अर्धा तास तहकूब करून उरकून घ्यायची सोय इथे नाही.

पूर्ण प्रथिन २३९ अमिनो आम्लांचे. आमच्या व्हायलमध्ये संकेत धरणारा पुढचा, साधारण १७० आम्लांचा भागच असतो. डीएनए धरणारे शेपूट नाही, तेव्हा जेल-शिफ्टसाठी (प्रथिन डीएनएला धरते का, हे जेलवर पाहण्याची चाचणी) हे घेऊ नका. याच भागाची स्फटिकरचना २००७ मध्ये १.८ अँगस्ट्रॉमपर्यंतच्या बारकाव्याने उलगडली. मध्ये पाच पट्ट्यांचा बीटा-पत्रा, दोन्ही अंगांना तीन-तीन अल्फा हेलिक्स, आणि संकेतरेणू आत पुरता गाडलेला. संकेतरेणूच्या एका टोकाच्या लॅक्टोन कड्याला प्रथिनातले ६० क्रमांकाचे अमिनो आम्ल, ट्रिप्टोफॅन-६०, धरते; रेणूच्या अमाइड गटाला अ‍ॅस्पार्टेट-७३, टायरोसिन-५६ आणि सेरिन-१२९. लांब कार्बनी शेपटी तेलकट पोकळीत दुमडून बसते. म्हणजे हा रेणू प्रथिनाच्या गाभ्याचाच भाग होतो. तो नसेल तर घडी नीट बसत नाही. प्रोटीन आम्ही ई. कोलाय जिवाणूत बनवतो; तो स्वतः हा रेणू बनवत नाही, म्हणून आम्ही तो वाढीच्या माध्यमातच घालतो. न घालता वाढवून, पेशी फोडून जेल चालवा : आपल्या प्रथिनाचा २० किलोडाल्टनजवळचा बँड पेलेटमध्ये (तळाशी बसलेल्या न विरघळलेल्या गाळात) दिसेल, वरच्या द्रावात जवळपास काही नाही.

त्यामुळे आयटीसीने (जोडणीची उष्णता मोजणाऱ्या पद्धतीने) संकेताचे बाइंडिंग मोजायला ही व्हायल निरुपयोगी. जागा आधीच भरलेली आहे. डायलिसिसने रेणू काढायच्या फंदात पडू नका, प्रोटीनच खाली बसेल. लासआरला अडवणारे अवरोधक तपासायचे असतील तर रिपोर्टर स्ट्रेन (लासआर चालू झाले की दिसेल असा संकेत देणारा जिवाणू) वापरा, ते स्वस्तही पडते. स्फटिकीकरण, थर्मल शिफ्ट (प्रथिनाची घडी कोणत्या तापमानाला सुटते ते पाहणे), एमएस्सीची प्रात्यक्षिके यांना मात्र व्हायल उत्तम.

स्वतःच्या लॅबमध्ये प्रोटीन बनवणार असाल तर संकेतरेणूचा स्टॉक डीएमएसओ या द्रावकात करा. अल्कधर्मी पाण्यात लॅक्टोनचे कडे उघडते आणि रेणू कामातून जातो. एलबी या नेहमीच्या माध्यमातल्या जुन्या कल्चरचा पीएच चढतो, तिथेच अनेकांची गाडी अडते.

व्हायल मिळाली की छोटे भाग करून उणे ८० अंशांना ठेवा. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून शहरात डिलिव्हरी शुक्रवार ते मंगळवारच देतो.