‘दवाखाना सरकारचा, पंचायतीचा काय संबंध?’

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ग्रामसभेला कुणी आरोग्याचा विषय काढला की मागून हे वाक्य येतंच. ते चूक आहे. 1993 साली लागू झालेल्या 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय अकराव्या अनुसूचीत घातले. त्यातला 23वा विषय आरोग्य व स्वच्छता, आणि त्यात रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं नाव घेऊन आहेत. अधिकार आपोआप मिळत नाहीत, विधानसभेने कायद्याने द्यावे लागतात, हेही खरं. म्हणूनच ते मागायला हवेत.

माकडतापाचंच बघा. गोचिडीतून पसरणारा हा ताप काजूच्या हंगामात जोर धरतो. पहाटे बोंडू गोळा करायला पालापाचोळ्यात कोण उतरतं, कुठल्या वाटेवर माकड मरून पडलंय, हे पणजीला आधी कसं कळणार? ते वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या बाईला कळतं, पंचाला कळतं. गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं तेल हंगामाआधी आलं का, हे विचारायची जागाही ग्रामसभाच. गाव आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती त्याचसाठी असते. तुमच्या गावच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, येत्या ग्रामसभेत विचारा.