वाड्याची दुरुस्ती

लाकडी सांगाडा, माती-विटांच्या भिंती आणि चुन्याचा गिलावा असलेले जुने घर पुन्हा राहण्याजोगे करणे म्हणजे वाड्याची दुरुस्ती. पुण्याचा विश्रामबागवाडा (१८०७) हे अशा बांधणीचे नावाजलेले उदाहरण. त्याचा थाट साध्या घरांना नसला, तरी सांगाडा बहुधा तोच: दगडी जोते, तळखड्यांवर (खांबाखालच्या दगडी बैठकांवर) उभे सागवानी खांब, वर तुळया, त्यांवर आडव्या कड्या आणि फळ्यांची तक्तपोशी.

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. पाण्यात विरवून, वाळू घालून तो बैलाने फिरवायच्या घाण्यात दगडी चाकाखाली मळत. गूळ, बेलफळ, हिरडा किंवा ताग घालण्याच्या रीती गवंड्यागणिक वेगळ्या. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश दगड होतो, पण त्याची सूक्ष्म छिद्रे बुजत नाहीत. जोत्यातून भिंतीत चढलेली ओल त्यांतून बाहेर पडते.

दुरुस्तीतली सर्वांत महाग चूक इथेच होते. चुना भुसभुशीत झाला म्हणून तो खरवडून भिंतीच्या खालच्या पट्ट्यात सिमेंट थापले जाते. हे नेहमीचे सिमेंट म्हणजे पोर्टलंड सिमेंट, त्याचे पेटंट १८२४ चे. नव्या बांधकामात ते उत्तमच, पण मातीच्या भिंतीवर ते झाकणासारखे बसते. कोंडलेली ओल वर चढते आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंटच्या पट्ट्याच्या अगदी वरच्या कडेला लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, फुटतो. बोटाने ठोकले तर गिलावा पोकळ वाजतो, कारण मागची माती सुटलेली असते. मग ‘जुनी भिंतच वाईट’ असा निकाल लागतो.

खांबांचे दुखणे वेगळे. तळखडा खांबाला जमिनीपासून उचलून धरतो. पण शहाबादीवर मोझॅक, त्यावर सिरॅमिक असे थर चढत गेले की तो गाडला जातो आणि खांबाचा बुंधा ओलीत उभा राहतो. वरून खांब ठणठणीत, खाली टोचा खुपसला तर सरळ आत जातो. तुळईला धीरे (तात्पुरते टेकू) देऊन, कुजलेला भाग कापून जुन्या सागाचा जोड सांध्याने बसवता येतो. अख्खा खांब बदलायची गरज क्वचितच पडते.

मागाहून आलेल्या वस्तूंशी मात्र दयामाया नको. लाकडी पट्टीवरची, अर्थिंग नसलेली वायरिंग पूर्ण काढावी. न्हाणीवरचे करडे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू नयेत, ओले करून अखंड उतरवावेत. दारांवरचे जुने तैलरंग कोरडे घासू नयेत. घरगुती रंगांतील शिशाला दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली. त्याआधीच्या थरांत शिसे किती, हे डोळ्यांना दिसत नाही.