चेनसॉ घेण्याआधी बॅटरी काट्यावर ठेवा

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या बंगल्यांच्या नि सोसायट्यांच्या आवारात एकच काम निघतं: वाऱ्यात मोडून पडतील अशा फांद्या आधीच उतरवायच्या. गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प. मनगटाएवढ्या फांदीपर्यंत कोयता पुरतो. पेट्रोलच्या मशीनचा आवाज आणि धूर भिंतीला भिंत असलेल्या घरांत नको वाटतो. मग बॅटरीवरचा चेनसॉ (साखळीची करवत) घ्यायचं ठरतं. ऑनलाइन बघा किंवा बोहरी आळीत जा, पेट्यांवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: २१ व्होल्ट, ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ.

पहिला आकडा अर्धा खरा आहे. ‘व्हीएफ’वाले आकडे विजेचं मोजमाप नाहीतच, ती नुसती सजावट आहे. लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की सरासरी १८ आणि भरलेले असताना २१ व्होल्ट होतात. म्हणजे ‘१८ व्होल्ट’, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘२१ व्होल्ट’ ही एकाच बॅटरीची तीन नावं. ‘८८ व्हीएफ’ लिहिलेल्या बऱ्याच मशीनच्या पोटातही हेच पाच सेल निघतात.

खरी गंमत एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे किती अँपिअर किती तास मिळतील त्याच्या) आकड्यात आहे. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे साठवलेली ऊर्जा. १८ व्होल्ट, ४ एएचच्या बॅटरीत ७२ वॉट-तास असतात. लाकडात घुसलेलं मशीन २० अँपिअर ओढत असेल, तर ती सलग १२ मिनिटं पुरेल. प्रत्यक्षात बटण मधूनमधूनच दाबलं जातं, म्हणून काम त्याहून बरंच लांबतं.

हा एएचचा आकडा खरा की खोटा, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. या बॅटऱ्यांत सर्रास वापरला जाणारा १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) ४५ ते ४८ ग्रॅम भरतो आणि त्यात जास्तीत जास्त साधारण ३.५ एएच मावतात. जोराचा प्रवाह देणारे सेल तर दीड ते तीन एएचचेच असतात. सेल एकापुढे एक जोडल्यानं व्होल्ट वाढतात, एएच नाही. त्यामुळे पाच सेलांच्या पॅकमध्ये ६ एएच बसूच शकत नाहीत, त्याला दहा सेल, म्हणजे पाच-पाचच्या दोन रांगा लागतात. दहा सेलांचं नुसतं वजन पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास, कवच धरून सहाशेच्या पुढे. ‘६ एएच’ छापलेली बॅटरी चारशे ग्रॅमच भरली, तर दुकानदाराशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, पुढच्या दुकानात जा.

दहा सेलांचा फायदा फक्त जास्त वेळ चालण्यात नाही. प्रत्येक सेलला अंतर्गत रोध असतो. तो २० मिलीओहम धरला, तर पाच सेलांच्या रांगेचा १०० मिलीओहम होतो. २० अँपिअर ओढले की २ व्होल्ट आतच जिरतात आणि ४० वॉट उष्णता बॅटरीतच तयार होते, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. दोन रांगा समांतर असतील तर प्रवाह वाटला जातो आणि ही उष्णता निम्म्यावर येते. ‘मशीन जाड फांदीत अडकतं नि बंद पडतं’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं. दाब खाली घसरला की बॅटरीतलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. मोटर बिचारी ठीक असते.

मोटर मात्र ब्रशलेसच घ्या. कार्बन ब्रश घासण्यात वाया जाणारी ऊर्जा वाचते, आणि भार वाढला की इलेक्ट्रॉनिक नियंत्रण प्रवाहाला आवर घालतं. घरात आधीच एखाद्या नामांकित कंपनीचं १८ व्होल्टचं ड्रिल असेल, तर त्याच बॅटरीवर चालणारा चेनसॉ सगळ्यात शहाणपणाचा. माकिताच्या काही मशीनमध्ये १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लावून ३६ व्होल्ट मिळतात. तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह लागतो, आणि तारांत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे पावपट होते.

बार (चेन जिच्या कडेनं फिरते ती पट्टी) किती लांब हवा? फांदीच्या जाडीपेक्षा निदान ५ सेंमी जास्त. चार इंची मिनी सॉ पाच-सहा सेंमीच्या फांद्यांसाठी. आवारातल्या बहुतेक कामाला आठ ते दहा इंची बार पुरतो. सोळा इंचीचा मोह नको: बार लांब तितकी चेन लांब, घर्षण जास्त, बॅटरी लवकर संपते. आणि ‘एका चार्जमध्ये शंभर काप’ हे दावे बहुधा पाइनसारख्या मऊ, चार इंची चौकोनी लाकडावरचे असतात. वाळलेल्या सुबाभळीला ते लागू नाहीत. फांदीची जाडी दुप्पट झाली की कापायचं क्षेत्रफळ चौपट होतं, हेही हिशेबात धरा.

चेन पुन्हा विकत घ्यावी लागणारच. त्यासाठी तीन आकडे टिपून ठेवा: पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (ड्राइव्ह लिंकची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची, संख्या. चांगल्या बारवर ते मुळाशी कोरलेले असतात. नसतील तर सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजा आणि निम्मं करा. मूळ अंतर १२.७ मिमी भरलं तर पिच पाव इंच. ज्या मशीनची चेन वेगळी मिळत नाही, ते कितीही स्वस्त असलं तरी महाग.

तेलाची टाकी आणि आपोआप तेल सोडणारा पंप आहे का, हे बघा. कोरी चेन बारच्या खाचेत घासून निळसर पडते, ताणते, आणि बॅटरी उगाच खर्च होते. पंप चालतो का हे तपासायला मशीन चालू करून बारचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरायचं. काही सेकंदांत तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली, तर बारच्या मुळाशी असलेलं भोक भुशानं बुजलेलं असतं, टाचणीनं मोकळं करा. गॅरेजमधलं काळं तेल घालू नका. त्यातले धातूचे कण बार खातात आणि उरलेलं तुमच्याच मातीत जातं.

नवी चेन लावल्यावर मशीन नुसतं धूर काढतंय, कापत नाही? चेन उलटी बसली आहे. बारच्या वरच्या कडेला दात्यांची धार टोकाकडे हवी. ताण इतका, की खालून चेन ओढल्यावर ड्राइव्ह लिंक खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नये, आणि बॅटरी काढलेली असताना चेन हातमोज्यानं सहज सरकावी. पहिल्या पाच-दहा मिनिटांत नवी चेन सैल पडते, पुन्हा आवळा.

धार गेली की लाकूडच सांगतं. धारदार चेन ढलप्या उडवते, बोथट चेन पिठासारखा भुसा. बोथट चेन दाबून चालवली की प्रवाह वाढतो, बॅटरी तापते, मशीन बंद पडतं, आणि दोष बॅटरीवर जातो. गोल कानस (थ्री-एट लो प्रोफाइल, म्हणजे ३/८ इंच पिचच्या बुटक्या चेनला ४ मिमीची) प्रत्येक दात्यावर आतून बाहेर, ३० अंशांत, सारख्याच वेळा फिरवा. दगड किंवा खिळा लागला नसेल तर तीन-चार वेळा पुरे.

बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला, की दाता एकदम खोल रुततो आणि बार वर, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. चेन ब्रेक (बार उसळताच चेन थांबवणारा) असतो तो यासाठी. मिनी सॉमध्ये तो बहुधा नसतो. शिवाय हे छोटं मशीन एका हातात मावतं म्हणून दुसऱ्या हातानं फांदी धरली जाते, नेमकी कापाच्या शेजारी. शिडीवर चढून तर चालवूच नका. फांदी वीजतारेला टेकली असेल, तर ते काम महावितरणचं.

जड फांदी एका कापात उतरवली की साल बुंध्यापर्यंत फाडत नेते. बुंध्यापासून फूटभर अंतरावर आधी खालून पाव-एक तृतीयांश काप, मग जरा पुढे वरून. फांदी पडल्यावर उरलेला खुंट मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून छाटा. ते कडं शाबूत राहिलं तर जखम लवकर भरते. नारळाच्या झावळ्यांना मात्र कोयताच बरा, त्यांचे धागे स्प्रॉकेटला (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला) गुंडाळले जातात.

झाड तुमच्या आवारातलं असलं, तरी १९७५ च्या महाराष्ट्राच्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या छाटणीआधीही महापालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्या.

काम संपलं की गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. ४५ अंशांपुढे चार्जिंग सेलचं आयुष्य खातं, आणि एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली तेवढं तापमान सहज असतं. अर्धा तास सावलीत राहू द्या. वर्षातून दोनदाच लागत असेल तर बॅटरी साधारण निम्मी भरलेली, मशीनमधून काढून, घरात ठेवा. मशीन माळ्यावर टाकताना टाकीतलं तेल आधी काढून घ्या आणि खाली दोन-चार वर्तमानपत्रं अंथरा. तरीही थोडं पाझरेल.