जाल (हिंदी चित्रपट, १९५२)

'जाल' हा गुरुदत्त यांनी 'बाजी' (१९५१) या पहिल्या चित्रपटानंतर दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट असून त्याची कथा गोव्याच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती मच्छीमारांच्या वस्तीत घडते. सोन्याची तस्करी करणारा टोनी (देव आनंद) या वस्तीत येतो आणि भाऊ सायमनच्या आधाराने राहणाऱ्या श्रद्धाळू मारियाला (गीता बाली) मोहात पाडतो. त्याने पूर्वी फसवलेली लिसा (पूर्णिमा) समोर असूनही मारियाचा त्याच्यावरील विश्वास ढळत नाही. विश्वासघात करणारा येथे खलनायक नसून खुद्द नायकच आहे, आणि त्या काळाच्या मानाने हे मोठे धाडस होते.

कथेतील सोने काल्पनिक सोयीसाठी आलेले नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि भारतात सोन्याच्या आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे या किनाऱ्यावरून चोरट्या मार्गाने सोने आणण्याचा धंदा फोफावला होता.

'जाल' या शब्दात मासे धरण्याचे जाळे आणि कपटाचा सापळा हे दोन्ही अर्थ आहेत. कोकणातील वाचकाला येथे रापण आठवावी: किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी दोर धरून सारी वस्ती जाळे ओढते, आणि मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने होतात. एकमेकांच्या भरवशावर जगणाऱ्या अशा वस्तीत टोनी शिरतो, म्हणून त्याची फसवणूक एकट्या मारियापुरती राहत नाही.

छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी गुरुदत्तांसाठी स्वतंत्रपणे चित्रित केलेला हा पहिला चित्रपट. साहिर लुधियानवी यांची गीते सचिन देव बर्मन यांनी संगीतबद्ध केली. हेमंतकुमारांच्या आवाजातील 'ये रात ये चाँदनी फिर कहाँ' हे गाणे आज केवळ चांदण्यातील प्रेमगीत म्हणून ऐकले जाते. चित्रपटात मात्र ते टोनीने मारियाला घातलेली भुरळ आहे, आणि त्याची गोडी हाच त्याचा धोका आहे.

ज्युझेप्पे दे सांतिस यांच्या १९४९ च्या 'रिसो आमारो' या इटालियन चित्रपटावरून 'जाल'ची प्रेरणा घेतलेली आहे. तेथे हंगामापुरत्या जमलेल्या भातशेतीच्या मजूर स्त्रिया आहेत, तर येथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदणारी वस्ती. तेथील नायिका फसवणाऱ्याला गोळी घालून स्वतःचाही जीव देते; मारिया मात्र तुरुंगात गेलेल्या टोनीची वाट पाहत राहते.